मागच्याला जास्त हवा

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. तेर गावच्या रणधीरच्या मोटारसायकलचा पुढचा टायर. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव काही चांगला नाही. मला फार हेवा वाटतो, आणि तोही मागच्या टायरचा.

पहिला मागचा टायर आणि मी एकाच कारखान्यात तापून निघालो, एकाच दिवशी या गाडीला बसलो. पण कौतुक सगळे त्याचे. तो जाडजूड, त्याची नक्षी खोल. चिखलातून गाडी निघाली की रणधीर त्याच्यावर थाप मारायचा. तीन वर्षांनी तो झिजला, तेव्हा त्याच्या जागी नवा आणला. नव्याच्या अंगावर रबराचे बारीक केस होते. अख्खे घर त्यांना हात लावून पाहत होते. मला कुणी बोटही लावले नाही.

त्याहून मोठे दुखणे हवेचे. स्टँडजवळ फरिदाबींचे पंक्चरचे दुकान आहे. त्या बोटाने दाबून अंदाज करत नाहीत, हवेच्या दाबाचा काटा लावून मोजतात. मला नेहमी पंचवीस पौंड. मागच्याला अठ्ठावीस, आणि दोघे बसणार असले की छत्तीस. म्हणजे माझ्यापेक्षा अकरा जास्त. ते आकडे ऐकले की माझा जळफळाट व्हायचा. खड्डा आधी मी खातो, काटा आधी मला टोचतो, आणि हवा मात्र त्याला.

मग एकदा माझ्या मनासारखे झाले. रणधीरची बायको मैथिली हिला सातवा महिना होता. तिला तपासणीला धाराशिवला न्यायचे होते आणि फरिदाबींचे दुकान नेमके बंद होते. तेव्हा रणधीरच्या वडिलांनी, अण्णांनी, घरातला काट्याचा पायपंप काढला. अण्णा न्यायाचा माणूस. दोन्ही मुलांना त्यांनी लाडूसुद्धा कधी कमीजास्त दिला नाही.

"मागं छत्तीस भरा अण्णा, पुढं पंचवीसच," रणधीर म्हणाला.

"का रं? एका गाडीची दोन चाकं, आन् दोन मापं? तसलं आपल्या घरात चालत न्हाय," असे म्हणून अण्णांनी मलाही छत्तीस भरली. वडिलांचा शब्द मानून रणधीरने गाडीला किक मारली.

मी असा फुगलो की विचारू नका. गावाबाहेर पडेपर्यंत मी मागच्याला मनातल्या मनात हिणवत होतो.

पुढच्या वळणावर कुणीतरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातले होते. एरवी असल्या दाण्यांवरून मी दबून, जमीन धरून जातो. त्या दिवशी मी दगडासारखा टणक होतो. रणधीरने गाडी हळू केली, तरी मी घसरलो. गाडी आडवी झाली आणि मैथिली कडेच्या गवतात पडली.

"लागलं का गं? बोल ना," रणधीर पुन्हा पुन्हा विचारत होता. ती बोलेना. दोन्ही हात पोटावर ठेवून ती नुसती बसून राहिली. मी तिथेच पडून होतो. तिने एक शब्द बोलावा, याखेरीज मला काही नको होते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अहो, हललं."

एका जीपवाल्याने त्यांना दवाखान्यात पोहोचवले. बाळ सुखरूप होते. दुसऱ्या दिवशी अण्णा मला घेऊन फरिदाबींकडे गेले. फरिदाबींनी काटा लावला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अण्णा, मागच्यावर माणसं बसत्यात, म्हणून त्याला जास्त लागती. पुढच्यानं रस्ता धरायचा असतो. त्याला लई फुगवला की पकड सुटती. तुम्ही न्याय केला, पर तो टायरला चालत न्हाय."

अण्णांनी स्वतः खाली बसून माझी जास्तीची हवा सोडली.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मागच्याला छत्तीस भरताना पाहिले की मी आजही जळतो. म्हणूनच तुम्हाला विनंती करतो. निघण्याआधी, टायर गार असताना, काटा लावून हवा मोजा. कुणाला किती लागते ते गाडीवरच लिहिलेले असते, ते वाचा. आणि माझ्यासारखा एखादा जास्त मागत असेल, तर त्याला देऊ नका.