तीन फेऱ्या बाकी

"सायले, हात अडकला गं माझा," अण्णा आरशात बघत म्हणाले.

रविवारची दुपार होती. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत, चटईवर, ते माझ्या प्रयोगाला बसले होते. कागदावर छापलेली चांदणी. वर पुठ्ठ्याचा आडोसा, म्हणजे हात थेट दिसत नाही. समोरच्या आरशात बघून दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. कोपरा आला की हात उलटा धावतो. एम.ए. मानसशास्त्राच्या जर्नलसाठी अशा दहा फेऱ्या.

"तीस वर्षं कंपनीत प्रेस मशीन चालवली, बोट गेलं नाय. अन् हितं चांदणीत फसलो!"

"इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत," आई आतून म्हणाली. "जसं काय फोटोच काढायचाय."

मी नोंद केली. प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग तो: क. स.

"पुरं नाव का नाय लिहीत?"

"गुप्त ठेवतात, अण्णा."

"म्हंजे चोर धरल्यावर ठेवतेत तसं व्हय!"

सातव्या फेरीनंतर विचारलं, काय वाटलं?

"वाट समोर दिसतीय. हातच ऐकत नाय."

तसंच लिहून घेतलं.

ते जर्नल कुणीच तपासणार नव्हतं. गेल्या सत्रात दोन पेपर राहिले, आणि दिवाळीनंतर मी विद्यापीठात गेलेच नव्हते. सकाळी अण्णा स्टॉपवर सोडत. मी गावातल्या वाचनालयात कादंबऱ्या वाचत बसे, तिथेच डबा खाई, पाचच्या बसने परते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दर रविवारी त्याऐवजी मी नवा प्रयोग मांडत होते.

"ऱ्हायलेल्या तीन उद्या करू," अण्णा उठले. "सुधरतोय ना मी?"

"हो. चुका कमी झाल्यात."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीत ते मशीनजवळच कोसळले. आईचे सात फोन मी वाचनालयात, मोबाइलचा आवाज बंद ठेवून बसले असताना येऊन गेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती सांगत राहिली, "पोरगी वर्गात होती. फोन कसा घेईल?"

तेराव्यानंतर तिने जर्नल पदराने पुसून पुढे ठेवलं. "जमा कधी करायचंय? त्यायचं काम अर्धं नको ऱ्हायला."

मी आरसा उभा केला. आठवा कागद. पहिल्याच कोपऱ्यात पेन्सिल अडली. मागच्या भिंतीवरचे अण्णा आरशात दिसत होते, इस्त्रीच्या शर्टात. आई शेजारी बसून कागदाकडे बघत होती.

"अण्णा," मी मोठ्याने म्हणाले, "मी शिक्षण सोडलंय. दिवाळीपासून. त्या दिवशी मी वर्गात नव्हते."