माशीला नाव ठेवताना

कोपरगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे रंगनाथ वाकचौरे सर माणसांना नावं ठेवण्यात पटाईत होते, पण त्यांचा जीव अडकला होता तो एका माशीला नाव ठेवण्यात. माशी म्हणजे मुंगीहून बारकी गांधीलमाशी. अळीच्या अंगात अंडी घालायची आणि पिल्लांनी अळीला आतून खायचं, असा तिचा संसार. भंडारदऱ्याला एकाच अळीतून हे बिऱ्हाड निघालं होतं. नंतर सरांनी दरवर्षी रान तुडवलं, पण पुन्हा एक माशी दिसली तर शपथ. सरांचं म्हणणं, ही जातच वेगळी. मोठे तज्ज्ञ म्हणायचे, ही उसावरचीच माशी, डोंगरात जाऊन जरा काळवंडलीय एवढंच.

सत्त्याण्णव साली शिफा मणियार कॉलेजात व्याख्यानाला आली. सरांचीच विद्यार्थिनी, चिमटा कसा धरायचा हेसुद्धा सरांनीच शिकवलेलं. आता ती पुण्याच्या प्रयोगशाळेत डीएनएवरून अशा माश्यांची वंशावळ लावत होती, कोण कोणाची सख्खी आणि कोण चुलत. प्राचार्यांनी तिला शाल दिली आणि सरांना म्हणाले, "वाकचौरे, सूक्ष्मदर्शकात डोळे फोडायचे दिवस गेले बरं का."

सर हसले, पण आतून नुसते जळत होते. माश्यांच्या पंखांवरचे केस मोजत मी म्हातारा झालो आणि शाल कालच्या पोरीला! "यंत्रात माशी घालायची अन् कागद काढायचा, त्यात अक्कल कसली?" असं स्टाफरूममध्ये चहाबरोबर त्यांनी सगळ्यांना ऐकवलं.

तेवढ्यात शिफाच त्यांच्या टेबलाशी आली. "सर, भंडारदऱ्याची बाटली द्याल? सगळीकडे नमुने फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, त्यात डीएनएचा पार चुरा होतो. तुम्ही मात्र पहिल्यापासून स्पिरिट वापरलंत."

आता स्पिरिट वापरलं ते काही दूरदृष्टीनं नव्हे. सरांचे साडू साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते, ते कॅन भरून द्यायचे. सरांनी हे सांगितलं नाही. "दिवाळीनंतर ने," एवढंच म्हणाले.

घरी त्यांना अन्न गोड लागेना. माशी उसावरचीच निघाली, तर सगळ्यांत आपलं हसं होणार. वेगळी निघाली, तर म्हणतील शिफा मणियारनं शोधली. दोन्हीकडून मरण आपलंच. दिवाळीच्या सुट्टीत, कॉलेजात चिटपाखरू नसताना, त्यांनी बाटलीतलं स्पिरिट ओतून दिलं आणि फॉर्मॅलिन भरलं. सुट्टी संपताना माश्या धुऊन पुन्हा स्पिरिटमध्ये ठेवल्या, वास यायला नको म्हणून. शिफा बाटली रुमालात गुंडाळून घेऊन गेली, तेव्हा किती तरी दिवसांनी सर पोटभर जेवले.

होळीच्या सुमारास ती परत आली. तिनं टेबलावर वंशावळीचा तक्ता पसरला. सगळ्या माश्या फांद्याफांद्यांवर बसल्या होत्या. भंडारदऱ्याची तेवढी नव्हती.

"माझंच काहीतरी चुकलं, सर," ती खाली मान घालून म्हणाली. "तुमच्या माश्यांतून डीएनएचा जेमतेम एक तुकडा निघाला. पण तो दुसऱ्या कुठल्याच माशीशी जुळत नाही. तुमचंच खरं होतं. एवढ्याशा तुकड्यावर कोणी मानायचं नाही, म्हणून गाळावी लागली."

दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापतात म्हणतात. सरांनी ते धुऊन, बाटलीत घालून दिलं होतं.

"मी तर नावही ठरवलं होतं," शिफा म्हणाली. "आपल्या शोधाला आपलंच नाव देत नाहीत ना, ते दुसऱ्यानं ठेवायचं असतं. मी 'रंगनाथी' ठेवणार होते."

तिनं तक्ता गुंडाळला.

"दुसरी बाटली असेल का, सर? एक माशी मिळाली तरी चालेल."

सर उठले आणि त्यांनी कपाट उघडलं. आत काही नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण पोरीकडे पाठ करायला तेवढीच जागा होती.