पाकिटात कार्डाशिवाय काही नाही

रिझवाननं मेसेज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेलं अस्तराचं कापड तसंच हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. गुलमंडीत भर बाजारात पायरीवर उभं राहायचं म्हणजे एखाद्या स्कूटरचा आरसा कोपरावर ओढवून घ्यायचा. आरसा बसलाही. रिझवानला पत्ता लागला नाही.

"बिया?" तो मोठ्यानं म्हणाला. "माझ्या पाकिटात बिया?"

मेसेज न्यूझीलंडहून आला होता, एमी नावाच्या मुलीचा. तुम्ही पाठवलेलं पाकीट इथल्या तपासणीत अडकलंय, त्यात कार्डासोबत एका कागदाच्या पुडीत काळ्या बिया सापडल्यात, असं तिनं लिहिलं होतं. बिया कशाच्या आणि तुम्हीच ठेवल्या का, एवढं सांगा. तुम्ही बियांची ओळख दिली तर तपासणीवाले त्या काढून नष्ट करतील आणि कार्ड आम्हाला देतील. बिया बेवारशी निघाल्या तर मात्र सगळंच जाळतील.

आता पन्नाशीतला, दोन मुलींची लग्नं उरकलेला, कापडाचा बरा धंदा असलेला माणूस एका पुठ्ठ्याच्या तुकड्यापायी असा पांढराफटक का पडला, ते सांगायला हवं.

रिझवान शाळेत असताना च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची. गम चोखून गोडी संपली की पोरं थुंकून टाकत. खरा जीव कार्डात असायचा. रिझवाननं आणि शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या सुदर्शननं ती वेड्यासारखी जमवली. सुदर्शनची कार्डं त्याच्या आईनं कधीच चुलीत घातली, पण रिझवाननं आपली कापडाच्या ठाणांमागं लपवून वाढवली, जगवली. एक सोडून सगळा संच त्याच्याकडं होता. त्या संचात न्यूझीलंडचा एक उंचच उंच गोलंदाज होता. पोरं त्याला लंबू म्हणत. फोटोत तो धावत येतोय, डोळे मिटलेले, जीभ बाहेर. वाटणीत लंबू ज्याच्या पदरी पडायचा त्याचं तोंड उतरायचं. रिझवानच्या पदरी पडला आणि कोणी बदलून घेईना, म्हणून वर्षभर खिशात राहिला. त्याचे कोपरे गोल झाले ते तेव्हाच.

एमी ही त्या लंबूची नात. कार्डं जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर रिझवाननं टाकलेला फोटो तिला दिसला आणि ती उडालीच. तिच्या आजोबांचं कार्ड त्यांच्या स्वतःच्या देशात कधी निघालंच नव्हतं. एक दौरा केला, पाठ धरली, खेळ सुटला, लोक विसरले. आता ऐंशी पार, फुप्फुसं थकलेली, नाकाला नळी. आपल्याला न विचारता हिंदुस्थानातल्या गमवाल्यानं आपलं कार्ड छापलं होतं, हे ऐकून म्हातारा इतका हसला म्हणे की डॉक्टर धावत आले. मग म्हणाला, मला फोटो नको, ते कार्ड हातात द्या. एवढी वर्षं कुणाच्या तरी खिशात होतो मी, तो खिसा लागलेलं कार्ड मला बघायचंय.

रिझवानच्या काळजाला ते जाऊन भिडलं. रात्री जेवताना त्यानं घरी सगळं साग्रसंगीत सांगितलं. त्याच्या अम्मीनं, फहमिदानं, हातातला घास थांबवून विचारलं, "सांस नहीं आती बोलता क्या उसकू?" आणि खुलताबादच्या माहेरी दम्यानं गेलेल्या आपल्या भावाची आठवण काढून दोन सुस्कारे सोडले.

एमीनं बदल्यात रिझवानच्या संचातलं हुकलेलं कार्ड तिकडच्या कुणाकडून तरी मिळवलं आणि त्याचं पाकीट येण्याची वाटही न पाहता पाठवून दिलं. ते व्यवस्थित पोचलं. आता शब्द रिझवानचा होता.

आणि परदेशी कार्ड पाठवणं म्हणजे लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा पाठवणं नव्हे. पहिल्या खेपेला टपालातल्या बाईंनी विचारलं, "कार्ड म्हंजे? बँकेचं का? ते नाय जात." दुसऱ्या खेपेला, "पत्ते पाठवून ऱ्हायले का भाऊ परदेशात?" तिसऱ्या खेपेला रिझवाननं कार्ड उघडूनच दाखवलं. बाईंनी लंबूची जीभ पाहिली, हसल्या आणि म्हणाल्या, "जुनं छापील चित्र असं लिहा, आन् एक बाजू उघडीच ठेवून आणा. मी बघितल्याबिगर चिकटवायचं नाय." म्हणून त्यानं कार्ड प्लास्टिकमध्ये घातलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबलं, तीन बाजूंनी पट्टी मारली आणि चौथी उघडी ठेवून पाकीट सकाळपर्यंत फ्रिजवर ठेवलं. सकाळी बाईंनी आत डोकावून पाहिलं, त्यांना पुठ्ठे दिसले. चौथी बाजू त्यांच्यासमोर रिझवाननं स्वतःच्या हातानं बंद केली.

आणि आता बिया!

सुदर्शन गल्ल्यावरून उठून आला. मेसेज वाचून त्यानं डोकं खाजवलं.

"लेका, आधी घरी तर इचार. एखाद्या वेळेस कोणी टाकल्या असतील."

"माझ्या घरात?" रिझवान उसळला. "माझ्या कार्डाला माझ्या घरात कोणी बोट लावत नाय, सुदर्शन. सगळ्यांना म्हाईत हे. वाटेत कोणीतरी पाकीट फोडलंय. काहीतरी भलतंच घुसडलंय माझ्या नावावर."

"तसं आसंल बी. पर एक फोन करायला काय जातंय?"

पण रिझवानच्या नाकाला मिरची झोंबली होती. आपण परक्या मुलखात पाकीट पाठवलं, त्यात बिया निघाल्या, आणि ती पोरगी विचारतेय की तुम्हीच ठेवल्या का! तीन पिढ्या गुलमंडीत कापड मोजणाऱ्या घराण्यात कधी इंचाची लबाडी झाली नाही. त्यानं तिथंच उभ्याउभ्या इंग्रजीत लिहिलं: माझ्या खुदाची शपथ, त्या पाकिटात कार्डाशिवाय काही नव्हतं. मी स्वतःच्या हातानं बंद केलंय. दुसरं काही निघालं असेल तर ते माझं नाही आणि ते पाकीटही माझं नाही. खुशाल फेकून द्या.

सुदर्शननं वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून तो एवढंच म्हणाला, "शेवटचं वाक्य जरा जास्तीच झालं." तोवर मेसेज गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून मी त्यांना तसंच कळवलं, एमीनं लिहिलं होतं. पाठवणारा ओळख देत नाही म्हटल्यावर त्यांनी पाकीट बेवारस धरलं. आज सकाळी ते जाळून टाकलं. आजोबांना मी अजून सांगितलेलं नाही.

जाळलं. रिझवानला आधी त्या शब्दाचा अर्थच लागेना. त्याला वाटलं होतं चौकशी होईल, कोणीतरी चोर सापडेल, आपली माफी मागितली जाईल. कार्ड कुठंतरी टेबलावर सुरक्षित पडून राहील. खुशाल फेकून द्या असं रागात म्हटल्यावर खरोखर कोणी फेकतं का? आपल्याकडं तर माणूस दहा वेळा फेका म्हणतो आणि वस्तू माळ्यावर तशीच असते.  त्यानं दुकान नोकरावर सोडलं आणि घरी आला.

घरी फहमिदा लसूण सोलत बसली होती. रिझवान आला तोच तडतडत. "अम्मी, जला दिये कार्ड! कोई हरामी ने पाकीट में काले बीज डाल दिये, और उन्होंने जला दिये सब!"

"काले बीज?" फहमिदानं मान वर केली. "बारीक बारीक?"

"हां."

"कागद की पुडी में?"

रिझवाननं चष्मा काढला.

"वो तो मैंच डाली," फहमिदा सहज म्हणाली. "कलौंजी है. तूच बोला ना, बुढ्ढे कू सांस नहीं आती. चिमटीभर ली, दुआ पढ़के फूंक मारी, और रख दी अंदर, पुठ्ठे के बीच में. तेरे कार्ड कू हात भी नहीं लगाई मैं. बीमार के घर को खाली पुठ्ठा भेजते क्या कोई?"

लसणाची सालं पंख्याच्या वाऱ्यानं फरशीवर उडत होती. रिझवान त्यांच्याकडं बघत राहिला.  कलौंजी! ज्या घरात सर्दीला कलौंजी, पोटदुखीला कलौंजी, परीक्षेला निघालेल्या पोरीच्या दप्तरात कलौंजी, त्या घरात पन्नास वर्षं काढून ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. शेजारच्या सुदर्शनच्या निदान घरी विचारायचं तरी आलं होतं.

"तो मैंने क्या गलत की?" फहमिदानं विचारलं. आता तिच्याही चेहऱ्यावर भीती उतरली होती.

 रिझवान आतल्या खोलीत गेला आणि पलंगावर आडवा झाला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, उद्या त्या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं याची धास्ती.

त्यानं एमीला कळवलं, आजोबांना तू काही बोलू नकोस, मी सांगतो. सकाळी त्यानं व्हिडिओ लावला. फहमिदा हट्टानं ओढणी नीट करून शेजारी बसली. ज्याच्यासाठी दुआ केली त्याचं तोंड तर बघू दे, म्हणाली.

पडद्यावर लंबू आला. पलंग त्याला आखूड पडत होता, पावलं पांघरुणाबाहेर आलेली. नाकात नळी, पण डोळे मिश्किल. "तुझं कार्ड माझ्यासारखंच धावतंय," तो म्हणाला. "अंपायरपर्यंत पोचतच नाही."

रिझवाननं सांगून टाकलं. पाकिटात बिया निघाल्या, त्या आईनं टाकल्या होत्या, तिला तिकडचे नियम माहीत नव्हते, कार्ड जाळलं. त्यानं हे इतक्या भरभर सांगितलं की म्हाताऱ्याच्या ओठांवरचं हसू जागच्या जागी राहिलं. बातमी त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मग ते हसू हळूहळू गेलं. एमी पलंगाच्या कडेला बसून होती. तिनं त्याचा हात धरला.

"कसल्या बिया?" म्हाताऱ्यानं विचारलं. "कशासाठी?"

रिझवाननं अम्मीला विचारलं. तिनं पडद्याकडं बघून, समोरच्याला दख्खनी येतेच अशा थाटात सांगितलं, "मौत छोडके हर बीमारी की दवा है, भैया." रिझवाननं त्याचं इंग्रजी केलं.

म्हातारा ऐकत राहिला. श्वास घ्यायला थांबला, परत थांबला. मग म्हणाला, "मग कार्ड आणि दवा, दोन्हींतलं एक तरी माझ्यापर्यंत यायला हवं होतं."

"क्या बोला?" फहमिदानं विचारलं.

रिझवाननं सांगितलं. जसंच्या तसं. फहमिदाचा हात तोंडावर गेला.

"या अल्लाह. उसका फोटू भी मैंच जलाई, और दवा भी मैंच." ती पडद्यापासून तोंड फिरवून बसली. तिचे खांदे हलायला लागले. सबंध आयुष्यात ज्या बाईनं शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवली नाही, ती आपल्या चिमूटभर कलौंजीपायी रडत होती, आणि रिझवानला ते बघवेना.  आत्तापर्यंत त्यानं सगळं सांगितलं होतं, फक्त एक सोडून, आणि जे सोडलं होतं तेच खरं होतं.

"नहीं अम्मी," तो म्हणाला. "तू नाय जलाई. मैं जलाया."

मग तो पडद्याकडं वळला. शब्द शोधत, अडखळत त्यानं इंग्रजीत सांगितलं की त्यांनी जाळायच्या आधी मला विचारलं होतं. मी बियांची ओळख दिली असती तर फक्त बिया गेल्या असत्या आणि कार्ड आज तुमच्या हातात असतं. माझी आई तेव्हा घरीच होती, मी एक फोन केला असता तर तिनं तेव्हाच सांगितलं असतं. मी केला नाही. उलट शपथ घेतली आणि म्हणालो, फेकून द्या.

एमीनं मान खाली घातली. रिझवाननं सांगितल्याप्रमाणे तिनं त्याचं ते उत्तरही आजोबांपासून लपवून ठेवलं होतं.  फहमिदा डोळे पुसून पुन्हा वळली होती आणि एकदा मुलाकडं, एकदा त्या परक्या म्हाताऱ्याकडं बघत होती.

"तू तुझ्या आईला विचारायला हवं होतंस, पोरा," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि रिझवानला तेच सोसेना.