पोत्याचा एक किलो

मित्रांनो, सावली तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात मी उभा असतो. गोल तोंडाचा जुना वजनकाटा. पहिली बारा वर्षं मी बापूरावांच्या दुकानात धान मोजलं. धान पोत्यासकट यायचं, म्हणून पोत्याचा एक किलो आधीच वजा धरून त्यांनी माझी सुई शून्याच्या मागे बसवली होती. माझ्या मोजण्याचं तेव्हा कौतुक व्हायचं. पुढे त्यांनी मला शाळेला दिलं, पण सुई कोणी सरळ केली नाही.

शाळेत कबड्डीच्या मुली माझ्यावर चढू लागल्या. सामने वजनगटाचे. पन्नास किलोच्या वर गेली की मुलगी बाद! नववीतल्या उर्वशीच्या चढाईवर सगळा संघ अवलंबून होता. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार. अंगातलं पाणी कमी झालं की हाडं ठणकतात, दवाखाना गाठावा लागतो. "बिमार पोरीले काऊन खेळवता?" असं गाव विचारायचं. तिला मैदानावरच उत्तर द्यायचं होतं. मी रोज पन्नास दाखवायचो आणि ती हसत उतरायची.

वरोऱ्याच्या सामन्यांना मलाही टेम्पोत घातलं. तिथल्या काट्यावर उर्वशी भरली एक्कावन्न.

"अकरा वाजेपर्यंत किलो उतरवा, नाहीतर नाव कापतो," पंच म्हणाले.

"आमचा काटा पन्नासच दाखवते!" आमच्या खेळाच्या साधना मॅडमनी मला पुढे केलं. मी पुन्हा पन्नासच दाखवले. पंचांनी नकारार्थी मान हलवली.

उर्वशीने दोन स्वेटर चढवले आणि ती उन्हात धावू लागली. तिची आई रंजीता बाटली घेऊन मागे.

"दोन घोट पी वो."

"पाणी पेली तं वजन वाढन, आई! हट ना!"

सातव्या फेरीला तिने गुडघा धरला. ओठ पांढरे पडले होते. तरी उठली, धावलीच. रंजीता हताश होऊन माझ्यापाशी टेकली. तिची नजर माझ्यावर पडली, आणि तिने पदराने माझी काच पुसली.

"मॅडम, याच्यावर कोणीच नाई. मंग सुई शून्याच्या मागं काऊन आहे?"

मॅडमचा चेहरा उतरला. "अवो बाई... हा तं धानाचा काटा! पोत्याचा किलो तसाच राह्यला."

रंजीताने धावत जाऊन लेकीला मिठीत अडवलं. "तू पन्नासची कधी नव्हतीच, बाई. एक्कावन्नची होती, अन् तशीच सगळ्यायले लोळवत होती. पी आता."

उर्वशीने माझ्याकडे असं पाहिलं, की मला जमिनीत जावंसं वाटलं. अकराला दहा मिनिटं होती.

"पी ना वो," तिची मैत्रीण रिना ओरडली. "आमी सहा जणी खेळतो. तू बाहेरून शिव्या दे, तेवढंच जमते तुले!"

उर्वशी रडता रडता हसली आणि सगळी बाटली प्याली.

सहा जणी चार गुणांनी हरल्या. सोमवारी उर्वशीनेच पेचकस आणून माझी सुई शून्यावर आणली, वर चढली आणि म्हणाली, "मॅडम, पुढच्या खेपेले पंचावन्नच्या गटात नाव लिवा माझं."

मित्रांनो, तुमच्या शाळेतला काटा रिकामा असताना एकदा पाहत जा. आणि कोणी मैत्रीण वजनासाठी पाणी सोडून बसली असेल, तर तिच्या आईला सांगायला उद्यापर्यंत थांबू नका.