येतो म्हणू नये

"माणसाची संस्कृती लग्नाच्या मांडवात नाही, मरणाच्या घरी कळते," असे वसंतराव नेहमी म्हणत. अलीकडे म्हणाले ते लालबागला, सुतकाच्या एका घरातून बाहेर पडताना. पायात चुकून त्या गेलेल्या माणसाच्याच चपला होत्या. त्या परत घ्यायला मागून त्या घरची सून धावत आली, तर तिलाही त्यांनी धीर दिला.

दादरच्या त्यांच्या इमारतीत कोणाला सुतकाच्या घरी भेटायला जायचे तर आधी वसंतरावांना विचारत. नियम ठरलेले. गेलेल्याचे वय विचारायचे नाही. चहा घ्यायचा नाही. आणि मुख्य म्हणजे उठताना 'येतो' म्हणायचे नाही. अशा घरी पुन्हा येण्याची भाषा अशुभ. मुकाट उठायचे नि चालू लागायचे.

मग ललिता गेली. ऑफिसात नोकरीभर वसंतरावांच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या अवधूतची बायको. राहायला परळला. निवृत्तीनंतर दादरहून परळ फार लांब गेले होते. ललिता फोन करायची, "भावोजी, तिसऱ्यांचं सुकं केलंय, जेवायला या." वसंतराव म्हणायचे, "येतो, येतो." गेले मात्र एकदाही नाहीत. भांडण नाही, आजारपण नाही. सांगायला एखादे बरे कारणसुद्धा नव्हते.

स्मशानात ते गेले, पण घरी जायचा धीर होईना. दिवसकार्य उरकून मुलगी सासरी परतल्यावर एकदाचे गेले. अवधूत एकटाच होता.

"बस. चहा विचारत नाही, तू घेणार नाहीस."

वसंतरावांकडे अशा वेळची वाक्ये पुष्कळ होती. त्यातले एकही जवळ आले नाही.

"मी यायला हवं होतं रे," ते म्हणाले.

वसंतरावांना वाटले, अवधूत म्हणेल, जाऊ दे.

"हवंच होतं," अवधूत म्हणाला. "तू येतो म्हणालास की ती तुझा वाटा काढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो मी संपवायचो. हे पोट बघतोयस ना, त्यातलं निम्मं तुझं आहे."

दोघेही हसले. मग हसायचे थांबले.

"भाजी आणायला खाली उतरली," अवधूत म्हणाला. "जिन्यातच बसली ती बसली. निघताना रोज 'येते हां' म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली असेल. मी पेपरात डोकं घालून होतो."

निघायच्या वेळी वसंतराव उठले आणि रिवाजाप्रमाणे मुकाट दाराशी गेले.

"वशा!"

ते थांबले.

"तूपण चोरासारखा चाललास? इतके दिवस बघतोय. माणसं येतात, माना हलवतात, न बोलता निघून जातात. येतो म्हण ना."

"अरे, या घरी म्हणू नये..."

"फोनवर इतक्यांदा खोटं म्हणालास. आता एकदा खरं म्हण."

खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होते, ती होईना. वसंतरावांनी दाराची कडी घट्ट धरली.

"येतो," ते म्हणाले.

अवधूतने मान डोलावली. डोळे पुसले.

"उद्याच ये. आणि येताना रिमोटचे सेल आण. बारीकवाले."