गरम माप

ज्या वर्षी मिस्त्रींच्या धाकट्या मुलीला दूरदेशी जुळी झाली, त्याच वर्षी त्यांच्या यकृतात गाठ सापडली. जुळ्यांची बातमी त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितली. गाठीची कुणालाच नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. भिंतींना कान असतात म्हणतात, पण त्यांच्या भिंती साधा हुंकारही देत नसत.

यकृत आधीच सुकत आलं होतं. दुसरं बसवायचं तर यादीत नाव हवं, आणि यादीचा नियम सरळ होता : गाठ एकच असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत चालते, त्यापुढे नाव लागत नाही. मिस्त्रींची पाच पूर्णांक दोन निघाली.

"दोनच मिलिमीटर," यादी सांभाळणारी मुलगी म्हणाली, "पण नियम तो नियम, काका. सोबत कोण आलंय?"

"मीच."

"जवळचं कुणी?"

"जवळचं लांब राहतं."

घरी जाऊन कुलूपच उघडायचं होतं. मिस्त्री तळमजल्यावर गेले. तिथे स्कॅनची चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई अंधाऱ्या खोलीत एकट्याच बसत.

"काका, इथे पेशंट येत नाहीत."

"एकच विचारतो. गाठीत सुई घालून तुकडा न काढता ती कर्करोगाचीच, हे कसं कळलं?"

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "शिरेतून औषध दिलं ना? पहिल्या चित्रात गाठ चमकते. नंतरच्या चित्रात विझते, कडेला रेघ दिसते. चमकून विझली, म्हणजे आमच्या मोजणीत पाचवा वर्ग, खात्रीचा कर्करोग. शंकाच नाही."

"आणि माप?"

"पहिल्या चित्रात घेतलं. ठळक दिसते तिथे."

मिस्त्री घुटमळले. "राग मानू नका, बाई. चाळीस वर्षं लेथवर काढली. नुकता उतरवलेला जॉब, म्हणजे कातलेला लोखंडी तुकडा, गरम असतो, तेव्हा मापला तर फुगलेला निघतो. घाईचा कामगार तिथेच फसतो."

बाईंनी नंतरचं चित्र पडद्यावर आणलं. मग म्हणाल्या, "चमकेत आजूबाजूचं मांसही उजळतं. कड स्वच्छ दिसते त्याच चित्रात मापायचं, हा आमचाही नियम आहे." त्यांनी विझलेल्या गाठीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली. चार पूर्णांक आठ.

"पुन्हा मापा. एका मापावर विसंबू नये."

तीनदा मापलं. तीनदा तेच.

"माझी चूक झाली, काका."

"चूक कबूल करणारे कारागीर मी दोनच पाहिले. एक मी."

नाव लागलं. मुलीचा फोन आला की मिस्त्री जुळ्यांच्या दातांचीच चौकशी करत. दर तीन महिन्यांनी स्कॅन असे, तेव्हा बाई त्यांना आत बोलवत. महिनोन्महिन्यांत कुणी त्यांना समोर बसवून बोलायचं ते तेवढंच.

"वाढली नाही, काका. शहाणी आहे तुमची गाठ."

"मालकावर गेलीय."

पण सुकलेल्या यकृताला यादीशी काय देणंघेणं? पुढच्या वर्षी अकरा फेब्रुवारीला दुपारी मिस्त्रींना रक्ताची उलटी झाली. त्यांनी स्वतःच रुग्णवाहिका बोलावली, दाराची कडी काढून ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. त्याच दिवशी चारच्या सुमारास, रुग्णालय गाठायच्या आत, मिस्त्री वारले. यादीत त्यांचा नंबर दुसरा होता.