चुन्याचा ठिपका

परतूरच्या कॉलेजात कुठलाही कार्यक्रम असला की आभारप्रदर्शन कुणाच्या तरी गळ्यात मारावं लागतं. तोवर अर्धे लोक चहाच्या दिशेनं सरकलेले असतात. म्हणून प्राणिशास्त्राच्या सुमेधा मॅडमनी आपणहून "आभार मी मानते" म्हटलं, तेव्हा प्राचार्य राधेश्याम सरांना अगदी भरून आलं. या बाईनं या पाच मिनिटांसाठी सहा वर्षं दातओठ खाऊन काढलीत, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

प्रमुख पाहुणे होते डॉ. अंगद देवगिरे, सुमेधाचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. त्यांचं नाव तिनंच सुचवलं होतं. पहिल्या रांगेत तीन विद्यापीठांची जाणकार माणसं बसली होती, तीही तिनंच निवडून बोलावलेली. आणि शेवटच्या रांगेत तिची आई, गिरिजाबाई. सकाळीच आष्टीहून जीपनं येऊन धडकली होती.

"माय, तुला त्यातलं काय कळणार हाय? कशाला आलीस?"

"मला त्या माणसाचं तोंड बघायचंय," गिरिजाबाई म्हणाली. "तुझा बाप गेल्ता तवा तुला दोन शब्द बोलला न्हाई तो."

सुमेधाचा अभ्यास समुद्रातल्या एका किड्यावर होता. त्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याला अंग नसतं. नुसतं डोकंच, भोवऱ्याच्या आकाराचं, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं. मधोमध केसांचा पट्टा असतो, तो हलवत ते पोहतं. खाऊन पिऊन पोसलं की मागच्या टोकाला अंगाचं एकेक वळं फुटत जातं आणि त्याचा किडा होतो. सुमेधानं कोकणातून कॅन भरभरून खारं पाणी आणि किडे आणले होते, त्यांची पिल्लं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वाढवली होती आणि रोजच्या रोज त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्या केल्या होत्या.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी सहा ऑगस्टला वडील वारले. पुंजाराम त्यांचं नाव. ती अकरा दिवस गावी राहिली. परतली तेव्हा पिल्लांचं खाणं, ते हिरवं शेवाळ, मरून तळाला बसलं होतं. पिल्लं तगली होती, पण उपाशी. एकालाही वळं फुटलं नव्हतं. ती नुसती डोकी बघून तिला, बाप गेल्यापासून पहिल्यांदाच, धाय मोकलून रडू आलं.

त्यांच्याही काचपट्ट्या तिनं केल्या, फेकवेनात म्हणून. जे बी पेरायचं नाही त्या मडक्याला गिरिजाबाई चुन्याचं बोट लावायची. सुमेधानं या काचपट्ट्यांच्या डब्यावर तसाच पांढरा ठिपका दिला, आणि फोनवर मायला ते सांगितलंही.

देवगिरे सरांना वाटलं, ठिपका लावलाय म्हणजे निवडक माल. त्यांनी डबा उचलला आणि एकट्याच्या नावानं शोधनिबंध छापला. ही जात कितीतरी दिवस डोकंच राहते, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी तिचे पूर्वजही नुसती पोहणारी डोकी होते, अंग मागाहून आलं, असं त्यात ठणकावून लिहिलं. देशभर वाहवा झाली. सुमेधानं विचारलं, तर म्हणाले, "तू भांडी विसळलीस. एवढंच." प्रबंधावर त्यांचीच सही लागणार होती. ती परत प्रयोगशाळेत कामाला लागली.

आज सर तासभर त्याच शोधावर बोलले. "सहा ते सोळा ऑगस्ट, रोज पहाटे उठून मी स्वतः त्या जिवांना ताजं शेवाळ घालत होतो," हेही त्यांनी गहिवरून सांगितलं. टाळ्या पडल्या.

मग सुमेधा उठली. संस्थेचे, प्राचार्यांचे, मंडपवाल्याचे आभार मानून झाले.

"शेवटचे आभार माझे वडील पुंजाराम यांचे. ते सहा ऑगस्टला गेले नसते, तर सरांना हा शोध लागलाच नसता."

तिनं पर्समधून एक कागद काढला.

"हा माझ्या रजेचा अर्ज. त्यावर सरांच्या अक्षरात लिहिलंय: 'सहा ते सोळा मंजूर. प्रयोगशाळा कुलूपबंद ठेवावी.' खाली सरांची सही आहे. आत अकरा दिवस कुणी गेलंच नाही. ती पिल्लं आदिम नव्हती, उपाशी होती. पोट भरलेल्यांना सातव्या दिवशी वळं फुटतं. त्यांच्या काचपट्ट्या त्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यात, ज्यांना बघायच्यात त्यांनी चहाआधी बघाव्यात. धन्यवाद."

चहाकडे कुणीच गेलं नाही. पहिली रांग सूक्ष्मदर्शकाभोवती जमली. गिरिजाबाईनं लेकीला कोपऱ्यात गाठलं.

"चुना लावलेलं बी पेरलं व्हय यानं?"

"व्हय माय."

"मंग बराबर झालं."

देवगिरे सर घाम पुसत सुमेधाजवळ आले. "सुमेधा, असं चारचौघात... आपण दुरुस्ती छापू. तुझं नाव पहिलं घालतो."

हे वाक्य ऐकायला तिनं एकेकाळी काय वाटेल ते दिलं असतं. आता तिला फक्त गार वाटलं, छातीपासून पायापर्यंत.

"नको सर. तो निबंध तुमचा आहे. एकट्याच्याच नावावर राहू द्या."

आणि ते खुर्चीवर विसरले होते तो सत्काराचा शाल-नारळ तिनं त्यांच्या हातात दिला.